हुमणीचे वर्ष ओळखा, मगच औषधाला हात घाला

भाद्रपदात उसाच्या फडात मध्येच चार-दोन बेटे पिवळी पडलेली दिसतात. पाणी कमी पडले असेल, खत कमी पडले असेल असे वाटून आठवडा जातो. मग एखादे बेट धरून ओढले, की मुळांसकट वर येण्याऐवजी मुळांशिवायच हातात येते. खालची माती उकरली की पांढऱ्या, जाड, अर्धवर्तुळात वळलेल्या अळ्या सापडतात. दुसऱ्या दिवशी शेतकरी कृषी सेवा केंद्रात उभा असतो आणि एकच मागणी करतो, ‘जालीम औषध द्या.’ औषध मिळते, आळवणी होते, हजारो रुपये खर्च होतात. पंधरवड्यानंतर उकरून पाहिले तर अळ्या जिवंतच असतात. ‘हुमणीला आता कुठलेच औषध लागू पडत नाही,’ हे वाक्य इथूनच गावभर पसरते.

या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. औषध चुकीच्या वेळी पडले म्हणून अळी वाचणे ही एक गोष्ट. अळीच्या अंगात त्या औषधाविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होणे ही दुसरी. पहिल्या चुकीवर उपाय म्हणून आपण दरवर्षी मात्रा वाढवतो आणि तेच औषध पुन्हा पुन्हा ओततो. त्यातून दुसरी गोष्ट स्वतःहून ओढवून घेतो. म्हणून या लेखात आधी हुमणीचे वर्ष समजून घेऊ, मग औषध का फसते ते पाहू आणि शेवटी कोणत्या नक्षत्रात काय करायचे ते ठरवू.

गाठ कोणाशी आहे?

हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची अळी. विदर्भात हिलाच उन्नी म्हणतात. महाराष्ट्रात हुमणीच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी होलोट्रिकिया सेराटा ही ऊसपट्ट्यातली प्रमुख जात. कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठच्या जमिनींत ल्युकोफोलिस लेपिडोफोरा ही जातही मोठे नुकसान करते. राजस्थान आणि गुजरातच्या भुईमूगपट्ट्यात होलोट्रिकिया कॉन्सँग्विनिया ही जात कुप्रसिद्ध आहे. हुमणीला उसाप्रमाणेच भुईमूग, सोयाबीन, मका, ज्वारी, हळद, आले आणि मिरचीचेही वावडे नाही. जमिनीखाली मूळ सापडले की तिचे भागते.

जात ओळखणे हे केवळ शास्त्रज्ञांचे काम आहे असे समजू नका. सगळ्या जातींचे भुंगेरे एकाच झाडावर, एकाच वेळी, एकाच संख्येने जमत नाहीत. कडुनिंब हलवून भुंगेरे पाडण्याचा उपाय एका गावात उत्तम चालतो आणि शेजारच्या खोऱ्यात फसतो, त्यामागे हेही कारण असते. अळीच्या शेपटाकडच्या भागावर खालच्या बाजूने बारीक केसांची ठरावीक रचना असते. त्यावरून तज्ज्ञ जात ओळखतात. एका बाटलीत चार-पाच अळ्या आणि मिळाल्यास दोन-तीन भुंगेरे घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात एकदा दाखवून आणा.

आणखी एक खूणगाठ बांधा. उकिरड्यातली किंवा शेणखतातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. तिथे गेंड्या भुंग्याच्या आणि इतर भुंगेऱ्यांच्या अळ्याही असतात, आणि त्यांपैकी बऱ्याच फक्त कुजलेला पाला खातात. सपाट जमिनीवर ठेवल्यावर अळी पाठीवर उताणी होऊन सरपटू लागली तर ती कुजके खाणाऱ्या गटातली समजा. हुमणीची अळी कुशीवर पडून राहते किंवा पायांनी मातीत शिरायचा प्रयत्न करते.

जमिनीखालचे बारा महिने

होलोट्रिकिया सेराटाची वर्षाला एकच पिढी होते. हीच आपल्या हातातली सर्वांत मोठी सोय आहे. बोंडअळीसारखी महिन्याभरात नवी पिढी उभी राहत नाही. प्रत्येक अवस्थेचा काळ जवळजवळ ठरलेला असतो.

वळवाचे किंवा मृगाचे पहिले दमदार पाऊस पडले, जमीन चार बोटे भिजली, की भुंगेरे सूर्यास्तानंतर जमिनीतून बाहेर येतात. कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पाने खातात, तिथेच त्यांचे मीलन होते. पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. भुंगेरे रात्रभर झाडावर होते हे सकाळी फक्त कुरतडलेल्या पानांवरून आणि खाली पडलेल्या लेंड्यांवरून कळते.

मादी भुसभुशीत, ओलसर मातीत साधारण ५ ते १५ सेंटिमीटर खोलीवर एकेक करून अंडी घालते. सगळी मिळून ती साधारण पन्नासेक होतात. अंडे सुरुवातीला लांबट असते, मातीतला ओलावा शोषून फुगते आणि गोल होते. म्हणून अंडी घालण्याच्या काळात जमीन पूर्ण कोरडी पडली तर बरीच अंडी फुकट जातात, आणि पावसाची रिमझिम असेल तर बहुतेक उबतात. दहा ते पंधरा दिवसांत अळी बाहेर पडते.

अळीच्या तीन अवस्था असतात. पहिली अवस्था साधारण महिनाभर चालते. तेव्हा अळी तांदळाच्या दाण्याहून फार मोठी नसते आणि मातीतला सेंद्रिय पदार्थ व बारीक तंतुमुळे खाते. दुसरी अवस्था महिना-सव्वा महिन्याची, तेव्हा ती पिकाच्या मुळांवर येते. तिसरी अवस्था सर्वांत लांब, चार ते पाच महिन्यांची. याच काळात अळी करंगळीएवढी जाड होते आणि खरे नुकसान करते. उसाचे बेट पिवळे दिसू लागते तेव्हा खाली बहुधा तिसऱ्या अवस्थेतली अळी असते. म्हणजे आपल्याला नुकसान दिसते, तेव्हा अळीचे निम्मे आयुष्य उलटून गेलेले असते.

थंडी सुरू होताना अळी खाणे थांबवून फूट-दीड फूट किंवा त्याहून खोल जाते, मातीचे घर करते आणि कोषात जाते. तीन-चार आठवड्यांत कोषातून भुंगेरा तयार होतो. पण तो बाहेर येत नाही. उन्हाळाभर जमिनीत निपचित राहून पुढच्या पावसाची वाट पाहतो.

औषध लागू का पडत नाही? चार कारणे

पहिले कारण, वेळ. पहिल्या अवस्थेतल्या इवल्या अळीला मारायला जेवढे औषध पुरते, त्याच्या कितीतरी पट औषध तिसऱ्या अवस्थेतल्या अळीला लागते. तिचे वजन जास्त, अंगातली चरबी जास्त, कातडी जाड आणि विष पचवणारी यंत्रणाही पक्की झालेली असते. ही प्रतिकारशक्ती नव्हे, हे वय आहे. तीच अळी जुलैत त्याच औषधाने मेली असती.

दुसरे कारण, औषध अळीपर्यंत पोचलेच नाही. हुमणी मुळांजवळ मातीत असते. पाचटावर ओतलेले द्रावण पाचटच पिते. कोरड्या जमिनीवर टाकलेले दाणेदार औषध वरच्या थरातच अडकते. पाण्याचे प्रमाण कमी घेतले तर द्रावण दोन बोटेही खाली जात नाही. जमीन वाफशावर असताना, पाचट बाजूला सारून, बेटाच्या बुंध्याशी भरपूर पाण्यातून आळवणी केली तरच औषधाला अर्थ आहे.

तिसरे कारण, मातीतले जिवाणू. हे कारण फारसे बोलले जात नाही. एकाच जमिनीत वर्षानुवर्षे एकच कीटकनाशक पडत राहिले, तर ते खाऊन जगणारे सूक्ष्मजीव तिथे वाढतात आणि औषधाचा नाश वेगाने करतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या ऊसपट्ट्यात हे घडले. तिथल्या हुमणीसाठी क्लोरपायरीफॉसचे हळूहळू विरघळणारे दाणे वापरात होते. १९९० च्या दशकात काही शेतांत ते अपेक्षेपेक्षा फार लवकर निकामी होऊ लागले. कारण शोधले तेव्हा मातीतल्या जिवाणूंनी औषध मोडण्याचा वेग वाढवल्याचे दिसले, आणि विम्ल जमिनींत हा त्रास जास्त होता. अळीत काही बदल झाला नव्हता, माती बदलली होती. आपल्याकडच्या अनेक काळ्या जमिनी विम्लच आहेत, हे इथे लक्षात ठेवले पाहिजे.

चौथे कारण, खरी प्रतिकारशक्ती. आधीची तीन कारणे तपासून झाल्यावरच या कारणाकडे यावे. पण त्याकडे दुर्लक्ष करून मुळीच चालणार नाही. ते का, हे बटाट्यावरच्या एका भुंगेऱ्याने जगाला दाखवून दिले आहे.

कोलोरॅडो भुंगेऱ्याचा धडा

लेप्टिनोटार्सा डेसेमलिनिआटा, म्हणजेच कोलोरॅडो बटाटा भुंगेरा, आपल्या देशात नाही. अमेरिकेतल्या एका रानटी काटेरी झुडपावर तो जगत असे. १८५९ च्या सुमारास नेब्रास्कात तो बटाट्यावर आला आणि १८७४ पर्यंत थेट अटलांटिक किनाऱ्यावर पोचला. त्याला मारण्यासाठी तांबे आणि आर्सेनिक असलेली ‘पॅरिस ग्रीन’ ही भुकटी वापरली गेली. पिकावर मोठ्या प्रमाणावर वापरलेल्या पहिल्या रासायनिक कीटकनाशकांत तिची गणना होते. पुढे डीडीटी आले. १९५२ मध्ये या भुंगेऱ्यात डीडीटीविरुद्ध प्रतिकारशक्ती नोंदवली गेली. त्यानंतर ऑर्गॅनोफॉस्फेट, कार्बामेट, पायरेथ्रॉइड असे गट एकामागून एक निकामी होत गेले. १९९५ मध्ये अमेरिकेत बटाट्यासाठी इमिडाक्लोप्रिड बाजारात आले, आणि काही वर्षांतच न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्यालाही न जुमानणारे भुंगेरे सापडले. आज या किडीने पन्नासहून जास्त कीटकनाशक घटकांविरुद्ध कुठे ना कुठे प्रतिकारशक्ती दाखवली आहे.

हे कसे घडते? औषध किडीला ताकद देत नाही. कोणत्याही किडीच्या लाखो जीवांत काही मोजके जीव जन्मतःच वेगळे असतात. कुणाच्या शरीरात विष मोडणारे विकर जास्त बनते. कुणाच्या मज्जातंतूत औषध जिथे चिकटते ती जागाच थोडी बदललेली असते. कुणाच्या कातडीतून औषध सावकाश आत जाते. औषध पडले की बाकीचे मरतात आणि हेच जीव उरतात, त्यांचीच पिल्ले पुढच्या हंगामात येतात. आपण ज्वारीची भरदार कणसे बियाण्यासाठी बाजूला ठेवतो, अगदी तसेच औषध पुढच्या वर्षीच्या किडीसाठी बियाणे निवडून ठेवते. दरवर्षी तेच औषध वापरले तर निवड दरवर्षी त्याच दिशेने होते.

हुमणीची वर्षाला एकच पिढी असल्याने तिच्यात ही प्रक्रिया अनेक पिढ्या काढणाऱ्या किडींच्या मानाने सावकाश चालते. पण सावकाश म्हणजे अशक्य नव्हे. आपल्या हुमणीच्याच कुळातला जपानी भुंगेरा अमेरिकेत हिरवळींची मुळे खातो. तिथे बहुतेक ठिकाणी त्याचीही वर्षाला एकच पिढी होते. तरीही क्लोरडेनसारख्या जुन्या, मातीत वर्षानुवर्षे टिकणाऱ्या औषधांविरुद्ध त्याच्या अळ्यांत प्रतिकारशक्ती आली. आपल्याकडे जुन्या पिढीच्या शेतकऱ्यांनी हुमणीसाठी बीएचसी पावडर पोत्याने टाकली. तिच्यावर १९९७ मध्ये बंदी आली. मग फोरेटची पाळी आली. ३१ डिसेंबर २०२० पासून तेही बंद झाले. उरलेली थोडी औषधे आपण आज ज्या पद्धतीने वापरतो, त्यावरच ती पुढे किती वर्षे चालतील हे ठरणार आहे.

नक्षत्रांनुसार कामाची आखणी

ज्या दिवशी पहिल्यांदा झाडावर भुंगेरे दिसतील, तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक खूण करून ठेवा. पुढची सगळी कामे त्या खुणेपासून मोजायची आहेत. पाऊस पुढेमागे झाला तर खालची नक्षत्रेही पुढेमागे होतील.

उन्हाळा, तोडणीनंतर ते रोहिणीपर्यंत. प्रादुर्भाव झालेल्या फडात खोडवा ठेवू नका. फड मोडून खोल नांगरट करा. नांगरामागे बगळे, मैना, कावळे येतील त्यांना येऊ द्या. वर आलेले भुंगेरे आणि कोष तेच फस्त करतात. ज्या जमिनीत शक्य आहे तिथे भातासारखे पाणी साचवणारे पीक फेरपालटाला घ्या. शेणखत पूर्ण कुजलेलेच टाका. कच्च्या शेणखताकडे माद्या अंडी घालायला ओढल्या जातात, शिवाय त्यातून अळ्याही शेतात येतात.

रोहिणी आणि मृग, २५ मे ते २० जून. हा वर्षातला सर्वांत मोलाचा काळ. पाऊस झाल्यावर संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ-दहाच्या दरम्यान बांधावरच्या कडुनिंब-बाभळींखाली जा. खाली कापड किंवा ताडपत्री अंथरा, काठीने फांद्या जोरात हलवा, पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल किंवा साबण मिसळलेल्या पाण्यात टाका. आपल्याकडच्या शिफारशींत एका झाडावर सरासरी वीस भुंगेरे ही धोक्याची पातळी धरली जाते. मोठी झाडे कमी असतील तर कडुनिंबाच्या ताज्या फांद्या शेतात ठिकठिकाणी रोवा आणि त्यांवर जमणारे भुंगेरे वेचा. प्रकाश सापळे लावायचे तर याच दोन-तीन तासांत चालू ठेवा, नंतर बंद करा. रात्रभर दिवा जळत ठेवला तर उपयोगी कीटकही मोठ्या संख्येने मरतात.

एक मादी अंडी घालण्याआधी मारली, तर जमिनीतल्या पन्नासेक संभाव्य अळ्या टळतात. हे काम औषधाविना होते, त्यामुळे प्रतिकारशक्तीचा प्रश्नच येत नाही. कुठल्याही औषधाला जुमानत नसलेला भुंगेरासुद्धा साबणाच्या पाण्यात मरतोच.

आर्द्रा, पुनर्वसू आणि पुष्य, २१ जून ते २ ऑगस्ट. जमिनीत अंडी आणि बारीक अळ्या आहेत. भुंगेरे पहिल्यांदा दिसल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी सुरुवात करून पुढच्या महिनाभरात औषध किंवा जैविक बुरशी, जे काही द्यायचे ते द्या. त्याआधी शेतात पाच-सहा ठिकाणी एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डे घेऊन माती हाताने चाळा. शिफारशींत एका घनमीटर मातीत एक अळी ही नुकसानीची पातळी मानली जाते, म्हणजे अशा बऱ्याच खड्ड्यांत मिळून एखादी बारीक अळी सापडली तरी लक्ष द्यायला हवे. याच काळात होणाऱ्या आडसाली लागणीत सरी सोडतानाच उपाय करणे सोपे जाते. भुईमूग, सोयाबीन अशा पिकांत पेरणीच्या वेळची बीजप्रक्रिया हाच उत्तम उपाय.

आश्लेषा ते चित्रा, ऑगस्ट ते ऑक्टोबर. अळी मोठी होत जाते आणि बेटे पिवळी पडतात. या काळात रासायनिक औषधावर पैसा घालणे म्हणजे बहुतेक वेळा नुकसानीत भर. उकरून अळ्या वेचा. सुकलेल्या बेटाखाली उकरताना शेजारची दोन बेटेही तपासा, कारण अळी एक बेट संपवून पुढच्या बेटाकडे सरकते. ओलावा असेल तर कीटकांना मारणाऱ्या सूत्रकृमींची आळवणी या मोठ्या अळ्यांवरही काम करते.

नोव्हेंबर ते एप्रिल. कीड खोल आहे, कोषात किंवा निपचित भुंगेऱ्याच्या अवस्थेत. या काळात जमिनीत कुठलेही औषध टाकू नका. ते किडीला लागणार नाही, गांडुळांना आणि विहिरीच्या पाण्याला मात्र लागेल.

औषध वापरायचेच असेल तर

१. नाव नव्हे, गट पाहा. बाजारात वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी नावे असतात, आत मात्र एकच घटक असतो. डबीवर तांत्रिक नाव छापलेले असते, ते वाचा. क्लोरपायरीफॉस आणि क्विनॉलफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले. कार्बोफ्युरान कार्बामेट गटातले, पण किडीच्या शरीरात ऑर्गॅनोफॉस्फेटच्याच जागी घाव घालणारे. इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम हे तिघेही निओनिकोटिनॉइड. फिप्रोनिलचा गट वेगळा, बायफेन्थ्रिनचा वेगळा, क्लोरँट्रानिलिप्रोलचा वेगळा. इमिडाक्लोप्रिड सोडून थायामेथोक्झाम घेतले तर औषध बदलल्यासारखे वाटते, किडीच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते.

२. गट वर्षावर्षाला बदला. प्रतिकारशक्ती पिढीगणिक निवडली जाते, म्हणून फेरपालटही पिढीगणिक हवा. हुमणीची पिढी वर्षाची, म्हणून यंदा ज्या गटाचे औषध वापरले तो पुढच्या वर्षी टाळा. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडचे तयार मिश्रण वापरले असेल, तर दोन्ही गट वापरले गेले असे धरा. बीजप्रक्रियेत वापरलेल्या गटाचीच आळवणी पुन्हा करू नका. गट बदलल्याने मातीतल्या जिवाणूंनाही एकाच औषधाची सवय लागत नाही.

३. मात्रा लेबलवरचीच. आपल्या पिकासाठी आणि हुमणीसाठी शिफारस असलेलेच औषध घ्या. कमी मात्रेत अर्धवट ताकदीच्या अळ्या वाचतात आणि त्यांची संतती पुढे येते. दुप्पट मात्रेने सगळ्या कमकुवत अळ्या मरून फक्त चिवट उरतात. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात.

४. मनाने मिश्रणे करू नका. दोन औषधे एकत्र ओतल्याने परिणाम दुप्पट होतो हा समज चुकीचा आहे. कधी एक दुसऱ्याला निकामी करते, कधी पिकालाच जाळते.

५. सगळे शेत भिजवू नका. जिथे खड्ड्यांत अळ्या सापडल्या त्या पट्ट्यातच आळवणी करा. बांध, पड जमीन आणि अळ्या नसलेला भाग मोकळा ठेवा. तिथल्या औषधाला बळी पडणाऱ्या भुंगेऱ्यांचा संकर उरलेल्या चिवट भुंगेऱ्यांशी होतो आणि चिवटपणा पसरायला वेळ लागतो. बीटी कापसाबरोबर बिगर-बीटी बियाणे याच विचाराने दिले जाते.

६. स्वतःला जपा. हातमोजे, तोंडावर मास्क, अंगभर कपडे. विहीर, ओढा आणि जनावरांच्या पाण्यापासून लांब राहा. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड मधमाश्यांना फार घातक आहेत, फुलोऱ्यातल्या पिकाजवळ किंवा झाडांवर ती फवारू नका.

बुरशी आणि सूत्रकृमी, जमिनीतले आपले साथीदार

मेटारायझियम ॲनिसोप्ली ही बुरशी हुमणीवर परिणामकारक आहे. १८७९ मध्ये इल्या मेच्निकॉव्ह यांनी ती गव्हावरच्या एका भुंगेऱ्याच्या अळीवर ओळखली आणि कीड मारण्यासाठी बुरशी वाढवून वापरण्याची कल्पना मांडली. पुढे याच शास्त्रज्ञाला रोगप्रतिकारक्षमतेवरच्या संशोधनासाठी १९०८ चे नोबेल मिळाले. बुरशीचे बीज अळीच्या कातडीला चिकटते, कातडी भेदून आत शिरते आणि अळीला आतून पोखरते. मेलेली अळी आधी पांढऱ्या, मग हिरवट बुरशीने मढलेली दिसते. अशी अळी दिसली तर ती फेकू नका, तिथेच पुरा.

बुरशी जिवंत आहे, हे एकदा लक्षात घेतले की तिच्या वापरातल्या चुका टळतात. उन्हात ठेवलेली, जुनी झालेली पाकिटे घेऊ नका. कुजलेल्या ओलसर शेणखतात मिसळून, काही दिवस सावलीत झाकून ठेवून, पावसाळ्याच्या सुरुवातीला मुळांजवळ द्या. त्या सुमारास जमिनीत बुरशीनाशक देऊ नका. परिणाम दोन-तीन आठवड्यांनी दिसू लागतो आणि ओलावा टिकला तर पुढच्या हंगामातही काही प्रमाणात राहतो.

दुसरे साथीदार म्हणजे कीटकांना मारणारे सूत्रकृमी. हेटेरोरॅब्डायटिस इंडिका ही जात भारतातच, कोइमतूरच्या ऊसपट्ट्यात सापडली आणि १९९२ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. हे डोळ्यांना न दिसणारे कृमी अळीच्या शरीरात शिरतात आणि आपल्या पोटातले जिवाणू सोडतात. दोन दिवसांत अळी मरते, तिचा रंग विटकरी लालसर होतो. सूत्रकृमींना ऊन आणि कोरडेपणा सहन होत नाही. म्हणून संध्याकाळी, ओल्या जमिनीत आळवणी करा आणि लगेच हलके पाणी द्या.

जैविक उपायांचे मोल केवळ ‘विषमुक्त’ म्हणून नाही. रासायनिक औषधाला सरावलेल्या अळीवरही बुरशी आणि सूत्रकृमी काम करतात, कारण त्यांचा मारण्याचा मार्गच निराळा आहे. औषधाच्या फेरपालटात त्यांना एक पूर्ण वर्ष दिले, तर रासायनिक गटांना विसावा मिळतो.

आपल्याच शेतातली परीक्षा

औषध खरोखर निकामी झाले का, हे ठरवायला फार मोठी साधने लागत नाहीत. औषध देताना फडात दोन सऱ्या तशाच सोडा आणि त्यांच्या टोकाला काठी रोवून ठेवा. औषध देण्याआधी दोन्ही भागांत सारख्याच संख्येने खड्डे घेऊन अळ्या मोजा, त्यांचा आकारही लिहून ठेवा. तीन आठवड्यांनी पुन्हा तेवढेच खड्डे घ्या.

औषधाविना ठेवलेल्या सऱ्यांत अळ्या भरपूर आणि औषधाच्या भागात नगण्य असतील, तर औषध उत्तम आहे. दोन्हीकडे अळ्या सारख्याच आणि मोठ्या असतील, तर वेळ चुकली. अळ्या लहान असताना, वाफशावर, योग्य मात्रेत, नीट आळवणी करूनही फरक दिसला नाही, तर मात्र ही नोंद घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा. औषधाची डबी, तिचा बॅच क्रमांक, दिल्याची तारीख आणि मोजलेले आकडे सोबत न्या. बनावट औषध, जिवाणूंनी मोडलेले औषध आणि प्रतिकारशक्ती यांतला फरक प्रयोगशाळेत कळतो, पण त्यासाठी शेतातल्या नोंदी लागतात.

एकट्याचे काम नव्हे

१९३५ मध्ये क्वीन्सलँडमध्ये उसाच्या भुंगेऱ्यांना खाण्यासाठी मोठे बेडूक आणून सोडले गेले. भुंगेरे उसाच्या शेंड्यावर, अळ्या जमिनीत, बेडूक मात्र मधल्या गवतात. भुंगेरे राहिले आणि बेडकांचाच उपद्रव उत्तर आणि पूर्व ऑस्ट्रेलियात दूरवर पसरला. किडीचे वर्ष न पाहता घेतलेला उपाय किती महाग पडतो, त्याचे हे जगप्रसिद्ध उदाहरण आहे.

हुमणीचा भुंगेरा कुणाचा सातबारा पाहून उडत नाही. माझ्या बांधावरच्या कडुनिंबावर जमलेली मादी शेजाऱ्याच्या फडात अंडी घालते. एका शेतकऱ्याने दहा झाडे झटकली आणि शिवारातली शंभर झाडे तशीच राहिली, तर उपयोग थोडा. म्हणून भुंगेरे गोळा करण्याचे काम गावाने एकाच आठवड्यात करायला हवे. काही साखर कारखान्यांनी गोळा केलेल्या भुंगेऱ्यांचे वजनावर पैसे देऊन या कामाला गती दिली आहे. आपल्या कारखान्याकडे, ग्रामपंचायतीकडे ही मागणी करा.

रोहिणी लागण्याआधी गावात एक बैठक घ्या. शिवारातली कडुनिंब, बाभळी आणि बोरी वाटून घ्या, प्रत्येक गटाला झाडे नेमून द्या. गेल्या वर्षी कोणी कोणत्या गटाचे औषध वापरले ते एका वहीत लिहा आणि यंदाचा गट सर्वांनी मिळून ठरवा. पहिला भुंगेरा दिसला की गावाच्या व्हॉट्सॲप गटावर तारीख टाका. एवढी तयारी झाली, तर औषधाची गरज खूप कमी शेतांत पडेल, आणि जिथे पडेल तिथे ते लागूही पडेल.